मोटारहोममागे ओढलेल्या गाडीला वेगळा ब्रेक लागतो का?

उन्हाळ्यात अमेरिकेच्या हमरस्त्यावर पहिल्यांदा गाडी चालवणारा माणूस एक दृश्य पाहून हमखास दचकतो. पुढे बसएवढं मोटारहोम, आणि त्याच्या मागे जेमतेम दीड-दोन मीटरवर, ताशी शंभर किलोमीटरने पळणारी जीप. जीपमध्ये कोणीच नाही.

मोटारहोम म्हणजे इंजिन असलेलं, चाकांवरचं घर. एखाद्या नॅशनल पार्कजवळ मुक्काम ठोकला, पाण्याचे-विजेचे जोड लावले, की दूध आणायला किंवा अरुंद घाटरस्त्याने धबधबा पाहायला ते धूड पुन्हा हलवायची कोणाची तयारी नसते. म्हणून एक लहान गाडी सोबत ओढून नेतात. चारही चाकं रस्त्यावर ठेवून, टो बार नावाच्या त्रिकोणी लोखंडी दांड्याने गाडी ओढण्याच्या या पद्धतीला फ्लॅट टोइंग म्हणतात. तिकडे राहणारी मराठी कुटुंबं बहुधा मोटारहोम भाड्याने घेतात आणि बऱ्याच भाडे कंपन्या मागे गाडी जोडायची परवानगीच देत नाहीत. प्रश्न येतो तो निवृत्तीच्या सुमारास स्वतःचं मोटारहोम घेतल्यावर. टो बार विकणारा दुकानदार विचारतो, ‘मागच्या गाडीला ब्रेक सिस्टीम पण बसवू ना?’ आणि यादीत हजार-दोन हजार डॉलरची भर पडते.

मागच्या गाडीला ब्रेक असतातच, पण ते दाबायला तिथे पाय नसतो. हे काम करणाऱ्या यंत्रणेला पूरक ब्रेक म्हणू. ती घ्यावी का? आमचं उत्तर: हो, जवळपास नेहमीच. मात्र ती चुकीची लावली तर तिच्यातूनच आग लागू शकते, आणि दुकानात हा भाग सहसा कोणी सांगत बसत नाही.

तीन वजनं, तीन वेगळे अर्थ

मोटारहोमच्या चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर जीव्हीडब्ल्यूआर छापलेलं असतं. माणसं, पाणी, डिझेल-पेट्रोल, सामान सगळं धरून त्या एका वाहनाचं वजन जास्तीत जास्त किती असू शकतं, तो हा आकडा. दुसरा आकडा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे मोटारहोम आणि मागचं वाहन मिळून कमाल वजन. तिसरा आकडा मागच्या हिचवर असतो. हिच म्हणजे चासीला बोल्टने बसवलेला, टो बार अडकवायचा चौकोनी खोबणीचा भाग. यातला जो आकडा सर्वांत आधी आड येईल तो पाळायचा.

उदाहरणार्थ, फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेली मध्यम आकाराची मोटारहोम घ्या. जीव्हीडब्ल्यूआर १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,५८० किलो. जीसीडब्ल्यूआर २२,००० पौंड. वजाबाकी केली तर मागे ७,५०० पौंड ओढता येतील असं वाटतं. पण अशा मोटारहोमवर हिच बऱ्याचदा ५,००० पौंडांचाच असतो.

बहुतेकांची गफलत इथेच होते. ‘२२,००० पौंड ओढायला कंपनीने मान्यता दिली आहे, म्हणजे तेवढं थांबवायलाही दिली असणार.’ तसं नसतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांना एकत्रित वजन खेचायला झेपतं, म्हणून मोठा आकडा दिलेला असतो. मोटारहोमचे स्वतःचे ब्रेक मात्र तिच्या स्वतःच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या हिशेबाने बसवलेले असतात. त्यापुढचं वजन आपले ब्रेक घेऊन येईल, असं गृहीत धरलेलं असतं. फोर्डच्या टोइंग मार्गदर्शिकेत तर टो बारने ओढलेल्या गाडीसह कोणत्याही ओढलेल्या वाहनाला स्वतंत्र, चालू ब्रेक यंत्रणा असावी अशी शिफारसच आहे.

थांबायला किती जागा लागते?

हीच मोटारहोम पूर्ण भरलेली, १४,५०० पौंडांची धरू. मागे ४,००० पौंडांची जीप रँग्लर, म्हणजे साधारण १,८०० किलो. एकूण वजन जवळजवळ २८ टक्क्यांनी वाढलं.

ताशी ६० मैलांवरून, म्हणजे ९६ किलोमीटरवरून, करकचून ब्रेक मारला. टायर रस्त्याला जितकं धरू शकतात तितकाच जोर ब्रेक देऊ शकतात. त्यापुढे एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, पेडलखाली थडथडू लागते आणि आणखी दाबून काही मिळत नाही. हा जोर मोटारहोमच्या चाकांवर किती वजन आहे त्यावर ठरतो. टो बारला सांधे असल्यामुळे जीपचं वजन मोटारहोमच्या चाकांवर येत नाही, फक्त तिचा रेटा येतो. म्हणजे जोर तेवढाच, थांबवायचं वजन सव्वापट.

एकटी मोटारहोम अशा ब्रेकने ७२ मीटरमध्ये थांबत असेल, तर ब्रेक नसलेली जीप मागे असताना ९२ मीटर लागतील. वीस मीटर जास्त. ऐकायला हे फार वाटत नाही. पण हाच हिशेब उलटा करून पाहा: एकटी मोटारहोम जिथे पूर्ण थांबली असती, त्या जागी ही जोडगोळी अजून ताशी ४५ किलोमीटरने पुढे जात असते. पुढे थांबलेल्या गाडीत आठ टनांहून जास्त वजन घुसवायला हा वेग भरपूर झाला. हा उरलेला वेग ब्रेक किती चांगले आहेत यावर अवलंबून नसतो, दोन वजनांच्या प्रमाणावरच ठरतो. टायर नवे घ्या, पॅड बदला, दोन्ही अंतरं कमी होतील, पण त्या जागेवरचे ४५ तसेच राहतील.

जीपचे चार ब्रेकही त्याच वेळी लागले, तर जीप आपलं वजन आपल्याच टायरांवर थांबवते आणि अंतर पुन्हा ७२ मीटरच्या आसपास येतं. सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

‘पण मागे गाडी आहे हे जाणवतसुद्धा नाही’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो खराही आहे. सिग्नलला सावकाश थांबताना ब्रेकच्या ताकदीचा लहानसा भागच वापरला जातो. मागे १,८०० किलो असले तर चालक नकळत पेडल थोडं जास्त दाबतो आणि गाडी नेहमीसारखी थांबते. वर्षानुवर्षं असं चालू शकतं. फरक दिसतो तो ब्रेकची ताकद संपते तिथे, म्हणजे हरीण आडवं आल्यावर, ओल्या रस्त्यावर, किंवा लांब उतारावर. रोजच्या अनुभवातून या प्रश्नाचं उत्तर मिळतच नाही.

‘माझी मोटारहोम केवढी मोठी, तिला काय फरक पडणार?’ हाही आक्षेप घ्या. मागे इंजिन असलेली, ३५,००० पौंडांची, एअर ब्रेकची डिझेल मोटारहोम आणि तीच जीप. वजन फक्त ११ टक्क्यांनी वाढलं. तरी वरच्याच हिशेबाने, एकटी थांबली असती त्या जागी उरलेला वेग ताशी ३१ किलोमीटर निघतो.

आणि वळणावर आणखी एक गोष्ट होते. ओल्या वळणावर जोरात ब्रेक लागला की मागची बिनब्रेकची गाडी सरळच जाऊ पाहते आणि मोटारहोमचा पार्श्वभाग बाहेर ढकलते. भरलेली बैलगाडी उतारावर बैलांच्या मानेवर चढते, तसं. मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक असेल तर टो बार ताणलेला राहतो आणि ती ढकलण्याऐवजी मागे धरून ठेवते.

उतारावर प्रश्न अंतराचा नसतो, उष्णतेचा असतो

कोलोरॅडोत आय-७० हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्यातून ११,१५८ फुटांवरून जातो आणि तिथून डेन्व्हरकडे सुमारे सहा हजार फूट खाली उतरतो. काही टप्पे ६ ते ७ टक्के उताराचे आहेत. वायोमिंगमधल्या टीटन पासवर उतार १० टक्क्यांपर्यंत जातो.

६ टक्के उतारावर पाच किलोमीटर गेलं की ३०० मीटर उंची उतरते. आपल्या मोटारहोम आणि जीपच्या जोडीची तेवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा ताशी ६० मैलांवरून आठ वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते, तीही मध्ये थंड व्हायला वेळ न देता. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर डिस्क तापून लाल होतात, पॅडची पकड कमी होते, ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं.

त्यामुळे उतारावर मुख्य काम इंजिनचंच. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करायचा, टो-हॉल मोड (ओझं असताना गिअर खालचे ठेवणारी सोय) लावायचा, खालचा गिअर घ्यायचा, डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनातून बाहेर जाणारा वायू अडवून वेग कमी करणारी सोय, चालू करायचा. वेग वाढू लागला की ठामपणे ब्रेक दाबून तो आठ-दहा किलोमीटरने उतरवायचा आणि पाय पूर्ण सोडायचा. पूरक ब्रेक असला तरी ही पद्धत बदलत नाही. उलट, पाय हलका टेकवून ठेवायची सवय असेल तर मागच्या गाडीचे ब्रेकही सारखे घासत राहतात आणि तेही तापतात.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत याचा एकच देशभराचा नियम खाजगी प्रवाशांसाठी नाही, राज्यागणिक आकडे बदलतात. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे, कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून. काही राज्यांचा कायदा वजनाऐवजी ताशी २० मैलांवरून ठराविक फुटांत थांबता आलं पाहिजे असं सांगतो. कायद्यात शब्द बहुधा ‘ट्रेलर’ असतो, आणि टो बारने ओढलेली मोटार ट्रेलर ठरते का यावर वाद घालणारे भरपूर आहेत. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने हा गोंधळ ठेवलेला नाही. तिथे मोटारहोममागच्या मोटारीसाठी वेगळी मर्यादा आहे: २,००० किलो किंवा मोटारहोमच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या ४० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. त्यापुढे ब्रेक हवाच.

एका सहलीत पाच-सहा राज्यं सहज ओलांडली जातात, त्यामुळे सर्वांत कडक आकडा धरून चालणं शहाणपणाचं. आणि १,५०० पौंडांची मर्यादा धरली तर तिच्या खाली बसणारी मोटार मिळतच नाही. चिमुकली स्मार्ट फोर्टूसुद्धा १,८०० पौंडांच्या आसपास भरते. अपघातानंतर समोरच्याचा वकील कायद्याच्या पुस्तकाआधी चासीची मार्गदर्शिका उघडेल, हेही लक्षात असू द्या.

मागचं पेडल दाबतो कोण?

पहिला प्रकार सुटा डबा. ब्लू ऑक्स पॅट्रियट, रोडमास्टर ईव्हन ब्रेक, ब्रेक बडी ही यातली परिचित नावं. डबा चालकाच्या पायाशी ठेवायचा, त्याचा चिमटा पेडलला लावायचा, मागून सीट पुढे सरकवून टेकू द्यायचा. आतला संवेदक वेग घटतोय हे ओळखतो आणि दांडा पेडल दाबतो. फायदा असा की गाडी बदलली तरी डबा चालतो. तोटा असा की प्रत्येक वेळी तो नीट बसवावा लागतो, आणि कंटाळा आला की माणूस तो डिकीत टाकून निघतो.

दुसरा प्रकार कायमचा बसवलेला. रोडमास्टरची इन्व्हिजीब्रेक सीटखाली बसते आणि केबलने पेडल ओढते. डेम्कोची स्टे-इन-प्ले ड्युओ बॉनेटखाली असते. तिला मोटारहोमचा ब्रेक दिवा लागल्याची खूण आणि वेग घटल्याची खूण, दोन्ही मिळाल्याशिवाय ती ब्रेक लावत नाही. ही अट महत्त्वाची आहे. केवळ वेग घटण्यावर चालणारा डबा, उतारावर एक्झॉस्ट ब्रेकने वेग कमी झाला तरी मागचे ब्रेक लावू शकतो, आणि चालकाने पेडलला पायही लावलेला नसतो.

एअर ब्रेकच्या डिझेल मोटारहोमला डेम्कोची एअर फोर्स वन जोडता येते. पुढच्या एअर ब्रेकचा दाब जितका, तितक्या प्रमाणात मागचं पेडल दाबलं जातं. आमच्या मते एअर ब्रेक असतील तर दुसरीकडे पाहायची गरज नाही. पेट्रोल मोटारहोम असेल आणि ओढायची गाडी निदान चार-पाच वर्षं तीच राहणार असेल, तर कायमची यंत्रणा घ्या. गाडी लवकर बदलणार असाल तरच डबा.

एनएसएच्या रेडीब्रेकमध्ये वीज-हवा काहीच नसतं. मागची गाडी पुढे रेटली की टो बारचाच भाग दबतो आणि केबलने पेडल ओढतो. साधं आणि भरवशाचं, पण गाडी सुटली तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवेची (त्याबद्दल पुढे) सोय वेगळी करावी लागते.

खर्च साधारण हजार ते दोन हजार डॉलर, कायमच्या प्रकारात मजुरी वेगळी.

ब्रेक लावला, आता तो नीट लावा

घोटाळे होतात ते इथे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पेडलचं काम हलकं करणारा बूस्टर इंजिनच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद असेल तर त्यात दोन-तीन दाबांपुरताच निर्वात शिल्लक राहतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. ओढताना इंजिन बंदच असतं. सुटा डबा लावताना हा शिल्लक निर्वात काढून टाकला नाही, तर मऊ पेडलवर केलेली जुळणी चुकते. पहिल्याच ब्रेकला चाकं जाम होऊन टायरवर सपाट चट्टे पडतात, आणि दोन-तीन ब्रेकनंतर तोच डबा अपुरा पडू लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. इंजिन बंद करा. पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, कडक लागेपर्यंत. पायाखालची मॅट काढा, ती सरकली की डबा तिरका होतो. चिमटा पेडलला लावा, पण पेडल जराही दबलेलं नको. खात्री करायची सोपी खूण म्हणजे मागच्या गाडीचे ब्रेक दिवे बंद असले पाहिजेत. डब्याचं चाचणी बटण दाबून दुसऱ्या माणसाला दिवे लागून विझतात का ते पाहायला सांगा. मग रिकाम्या मैदानात ताशी ४० किलोमीटरवरून ब्रेक मारा. मागून धक्का बसला तर जोर वाढवा. मागे हिसका बसला किंवा मागची चाकं किंचाळली तर कमी करा.

हायब्रिड आणि काही नव्या गाड्यांत बूस्टर विजेवर चालतो, तो ओढतानाही जागा राहू शकतो. तिथे नेहमीच्या जोराने पेडल दाबलं तर ब्रेक भलताच जोरात लागतो. अशा गाडीसाठी यंत्रणेची वेगळी सेटिंग लागते, विकत घेण्याआधीच ते विचारून घ्या.

सर्वांत वाईट बिघाड म्हणजे ब्रेक लागून राहणं. पुढे बसलेल्या चालकाला ते कळत नाही, शक्तिशाली इंजिन लागलेल्या ब्रेकसकट गाडी ओढत राहतं. आधी पॅड जळतात, मग चाकातलं ग्रीस, मग टायर पेट घेतो. म्हणून मागचा ब्रेक लागला की पुढच्या डॅशबोर्डवर दिवा लागेल अशी सोय असलेलीच यंत्रणा घ्यावी. ब्रेक न दाबता तो दिवा लागला तर लगेच बाजूला थांबा. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर पहिला थांबा घ्या आणि वीस-पंचवीस डॉलरला मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चारही चाकांवर धरा. डावं-उजवं सारखं असावं. एकच चाक बरंच तापलं असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, अडकला आहे, चारही तापली असतील तर पेडल दबलेलं आहे.

डब्याला वीज मागच्या गाडीच्या बॅटरीतून मिळते. आठ तासांच्या प्रवासानंतर ती उतरलेली सापडते आणि मुक्कामावर गाडी सुरू होत नाही. मोटारहोमकडून चार्जिंगची एक तार आणली की प्रश्न मिटतो. दिव्यांचंही पाहा. ज्या गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटरचा बल्ब एकच असतो, तिथे डब्याने पेडल दाबलं की दिवा सलग पेटतो आणि वळण्याची खूण मागच्यांना दिसतच नाही. त्यासाठी ब्रेक दिव्याच्या स्विचवर रिले बसवावा लागतो.

टो बार तुटला तर?

ब्रेकअवे स्विच म्हणजे मागच्या गाडीच्या पुढच्या भागावरची एक लहान डबी, तिच्यात खिळा, खिळ्याला पातळ केबल. गाडी सुटली की केबल खिळा ओढून काढते आणि ब्रेक पूर्ण लागतात. केबलचं दुसरं टोक मोटारहोमच्या चासीला किंवा हिचला अडकवायचं, टो बारला कधीच नाही. टो बारच निघाला तर केबलही त्याच्यासोबत जाईल आणि खिळा जागचा हलणार नाही. केबल वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल आणि रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड हवी. टो बारच्या बाजूच्या दोन जाड सुरक्षा केबल वेगळ्या, त्या एकमेकींना छेदून लावायच्या. महिन्यातून एकदा खिळा ओढून पेडल दबतंय का पाहा आणि लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते.

डॉली किंवा ट्रेलर घेतला तर?

ओढायच्या गाडीची पुढची दोन चाकं जिच्यावर चढवतात त्या छोट्या दोनचाकी गाड्याला, म्हणजे डॉलीला, स्वतःचे ब्रेक असलेलं मॉडेल मिळतं, आणि पूर्ण गाडी वाहणाऱ्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक असतात. तेव्हा आतल्या गाडीचं पेडल दाबायची गरज उरत नाही. बिनब्रेकची स्वस्त डॉली मात्र घेऊ नका, तिचं वजनही मागच्या रेट्यात जमा होतं.

फ्लॅट टोइंगमध्ये आणखी एक मर्यादा आहे: मागे घेता येत नाही. रिव्हर्सला मागच्या गाडीची पुढची चाकं आडवी होतात आणि टो बार वाकतो. पेट्रोल पंपावर अडकलात तर गाडी सोडवूनच काढावी लागते, आणि भर गर्दीत मागून हॉर्न वाजत असताना माणूस घाई करतो. सोडवताना क्रम चुकवू नका: आधी मागच्या गाडीला हँडब्रेक, मग टो बारच्या पिना. रँग्लर असेल तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, न्यूट्रलमधून बाहेर काढा, कारण ती न्यूट्रलमध्ये असेपर्यंत गिअर पार्कमध्ये असूनही चाकं मोकळीच असतात. आणि इंजिन सुरू करण्याआधी खाली वाकून पाहा, डब्याचा चिमटा अजून पेडलला लागलेला तर नाही ना.